हेडसरांनी ‘नोटेड’ लिहिलं, त्याची गोष्ट

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या शाळेत ग्रंथालय आहे का? आहे ना? मग दुसरा प्रश्न. त्यातली पुस्तकं तुमच्या हातात येतात का?

हसू नका. हे दोन प्रश्न अगदी वेगवेगळे आहेत, आणि त्यांच्यात किती अंतर असतं हे मी आठवीत असताना चांगलंच शिकले. आमच्या शाळेत ग्रंथालय होतं. म्हणजे काय होतं, तर हेडसरांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात काचेची तीन मोठी कपाटं होती. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या. मधल्या सुट्टीत आम्ही मुली काचेला नाक लावून नावं वाचायचो. काचेवर नाकांचे ठसे उमटायचे आणि शिपाईकाका रागवायचे. पण कपाटांना कुलपं होती, आणि किल्ल्या हेडसरांच्या टेबलाच्या खणात. ‘फाडाल, हरवाल’ या भीतीनं तो खण कधी उघडायचाच नाही.

शेवटी आम्ही पाचजणींनी अर्ज द्यायचं ठरवलं. आणि तोही इंग्रजीत! मराठीत दिला असता तर सरळ काम झालं असतं. पण आम्हाला वाटलं, इंग्रजी अर्जाचं वजन पडेल. इंग्रजीच्या बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. आम्ही म्हटलं, त्यात काय! एकीच्या मोठ्या भावाच्या तोंडून ‘ॲक्सेस’ हा शब्द ऐकला होता. भारदस्त वाटला. ‘ग्रंथालयाच्या पुस्तकांचा ॲक्सेस आम्हाला नाही’ असं वाक्य मनात जुळवलं आणि एकेक शब्द इंग्रजीत बदलत गेलो. कागदावर उतरलं ते असं: ‘वुई हॅव नो एक्सेस ऑफ लायब्ररी बुक्स.’ खाली पाच सह्या.

अर्ज आत गेला. चार दिवसांनी बाहेर आला. त्यावर लाल शाईनं एकच शब्द होता, ‘नोटेड’. म्हणजे ‘नोंद घेतली’. खाली हेडसरांची झोकदार सही.

पुढं काहीच होईना. कुलपं जिथल्या तिथं. आठवडा गेला, दुसरा गेला. अखेर धीर करून आम्ही खोलीत शिरलो. मी चाचरत म्हटलं, “सर, आमच्या अर्जाचं काय झालं?”

हेडसरांनी चष्म्यावरून पाहिलं. “काय व्हायचं? तुम्हीच लिहिलंय ना, शाळेत पुस्तकं जादा नाहीत म्हणून? ते मलाही ठाऊक आहे. ग्रँट आली की घेऊ नवीन.”

हात्तिच्या! आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. सर चेष्टा करत होते का, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ते चूक मुळीच बोलत नव्हते. आम्ही लिहिलेलं वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं शुद्ध होतं. त्याचा अर्थ तेवढा ‘आमच्याकडे ग्रंथालयाची पुस्तकं गरजेपेक्षा जास्त नाहीत’ असा होता. तक्रारीचं झालं होतं निवेदन!

एक अक्षर आणि तीन कपाटं

आता चुका मोजा पाहू. दोन आहेत. पहिली स्पेलिंगची. आम्हाला हवा होता तो शब्द ॲक्सेस: ए, सी, सी, ई, एस, एस. आम्ही लिहिला एक्सेस: ई, एक्स, सी, ई, एस, एस. मराठी कानाला दोन्ही सारखेच लागतात, आणि देवनागरीत लिहिताना तर पहिल्या अक्षराचाच काय तो फरक. पण ॲक्सेस म्हणजे एखाद्या ठिकाणापर्यंत किंवा वस्तूपर्यंत पोचण्याची वाट, तिथं जाण्याची मुभा. आणि एक्सेस म्हणजे जास्त झालेलं, अति. आमटीत मीठ एक्सेस होतं. मिठाचा ॲक्सेस कुणाला आहे हे आमटी बिघडल्यावर आई शोधून काढते!

उच्चारातही फरक आहे बरं का. ॲक्सेस म्हणताना जोर पहिल्या भागावर द्यायचा, ‘ॲक्’ ठासून म्हणायचं. एक्सेस हे नाम म्हणताना जोर दुसऱ्या भागावर, ‘सेस’वर. दोन्ही मोठ्यानं चार-पाचदा म्हणून बघा. घरातले विचारतील काय चाललंय, पण फरक जिभेला कळेल.

लक्षात ठेवायची माझी युक्ती अशी. आत जायचंय? मग ‘ए’नं सुरू होणारा शब्द. एक्स्ट्रा झालंय? मग ‘ई’ आणि ‘एक्स’नं सुरू होणारा, एक्स्ट्रासारखाच. आणि स्पेलिंग विसरलातच तर रस्त्यावर जाऊन उभे राहा. ॲक्सेस नावाची सुझुकी कंपनीची एक स्कूटर 2007 पासून आपल्याकडे मिळते. गल्लीत एखादी तरी उभी असेल. तिच्यावर दोन सी आणि दोन एस अगदी चकचकीत अक्षरांत असतात. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र स्कूटर नेता येणार नाही, तेव्हा आधीच बघून ठेवा.

या दोघांच्या जवळचाच तिसरा एक शब्द आहे, असेस. म्हणजे मूल्यमापन करणं. तुमचे पेपर असेस होतात, ॲक्सेस नाही. तुमचे पेपर निकालाआधीच कुणी ‘ॲक्सेस’ केले तर मोठी भानगड होईल!

जाणे, येणे आणि दुर्ग

बाई रजेवरून आल्या. आम्ही तो लाल शाईचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मग पदर सावरून म्हणाल्या, “बसा गं पोरींनो. आज धडा राहू दे.”

त्यांनी फळ्यावर एक लॅटिन शब्द लिहिला, ‘सेदेरे’. इंग्रजीतले कितीतरी शब्द लॅटिन या जुन्या भाषेतून आले आहेत. सेदेरे म्हणजे जाणे. त्याच्या पुढं वेगवेगळे उपसर्ग लागले आणि एक अख्खं कुटुंब तयार झालं. ‘कडे’ अशा अर्थाचा उपसर्ग लागला की ॲक्सेस, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे जाणं. ‘बाहेर’ अशा अर्थाचा लागला की एक्सेस, म्हणजे मर्यादेबाहेर जाणं. पुढं जाणं ते प्रोसेस. मागं जाणं, बाजूला होणं ते रिसेस. हो, तुमची डब्याची लाडकी रिसेस! आणि एसटीच्या पासावर मिळणारं कन्सेशन, तेही याच घरातलं.

आपल्याकडेही असंच कुटुंब आहे की. संस्कृतात ‘गम्’ म्हणजे जाणे. जिथं सहज जाता येतं ते सुगम. जिथं जाणं कठीण ते दुर्गम. आणि जिथं शत्रूला जाणं कठीण व्हावं म्हणून मुद्दाम बांधतात, तो दुर्ग! म्हणजे आपले सगळे किल्ले हे ‘ॲक्सेस मिळू नये’ म्हणूनच बांधलेले. मुरूडचा जंजिरा घ्या. चारी बाजूंनी समुद्र. गाइडच्या इंग्रजी पुस्तकात त्याच्याबद्दल लिहायचं तर ‘ॲक्सेस टु द फोर्ट इज बाय बोट’ असं लिहितात. किल्ल्याकडे जायची वाट होडीची. आता या वाक्यातला ‘टु’ नीट बघून ठेवा. आपली दुसरी चूक तिथंच आहे.

‘चा’ आणि ‘टु’ची कुस्ती

आम्ही लिहिलं होतं ‘एक्सेस ऑफ’. स्पेलिंग सुधारून ‘ॲक्सेस ऑफ’ केलं असतं तरी चूक ती चूकच. ॲक्सेस या नामापुढं त्या वस्तूचं किंवा जागेचं नाव येताना मध्ये ‘टु’ लागतो. हॅव ॲक्सेस टु, गेट ॲक्सेस टु, गेन ॲक्सेस टु. ‘ऑफ’ नाही, ‘इन’ नाही, ‘फ्रॉम’ नाही.

मग आपल्या हातून ‘ऑफ’ का पडतो? कारण आपण मराठीत मनातल्या मनात ‘पुस्तकांचा ॲक्सेस’ म्हणतो आणि ‘चा’ दिसला की आपला हात ‘ऑफ’ लिहून मोकळा होतो. काहीजण ‘ग्रंथालयात प्रवेश’ असा विचार करतात, त्यांच्या हातून ‘ॲक्सेस इन द लायब्ररी’ उतरतं. चूक तुमच्या हुशारीची नाही, विभक्तीच्या सवयीची आहे. यावर उपाय एकच. लिहिताना ‘चा’ किंवा ‘त’ म्हणू नका, ‘पर्यंत’ म्हणा. पुस्तकांपर्यंत वाट, ग्रंथालयापर्यंत वाट, पाण्यापर्यंत वाट. ‘पर्यंत’ म्हटलं की ‘टु’ आपोआप येतो.

‘ऑफ’ कुणाला हवा असतो माहीत आहे? ‘यूज’ला. यूज म्हणजे वापर. ‘द यूज ऑफ द लायब्ररी’ बरोबर. या दोन शब्दांची जोडी कुठं शेजारी शेजारी बघायची असेल, तर आपल्या भारताच्या संविधानात बघा. घरी नसेल तर शाळेत नक्की असेल. पंधरावा अनुच्छेद उघडा आणि त्याचा दुसरा भाग वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही असं तिथं सांगितलं आहे. कशापासून? इंग्रजी मजकुरात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांच्यासाठी ‘ॲक्सेस टु’ वापरलंय. आणि विहिरी, तळी, घाट, रस्ते यांच्यासाठी ‘द यूज ऑफ’. एकाच कलमात दोघंही, आणि प्रत्येकापुढं आपापलं शब्दयोगी! व्याकरणाचं पुस्तक याहून चांगलं उदाहरण देणार नाही.

पण थांबा, हे फक्त व्याकरणाचं उदाहरण नाही. ही दोन वाक्यं कुठून आली हे महाडच्या मुलांना विचारा. रायगड जिल्ह्यात महाडला चवदार तळं आहे. गावातलं सार्वजनिक तळं. गुरंढोरं तिथं पाणी प्यायची, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्या पाण्याला हात लावू देत नसत. 1923 साली मुंबईच्या कायदे मंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चानं बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्यांसारखी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्य मानलेल्यांना खुली असावीत. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनंही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. आता सांगा, ॲक्सेस मिळाला का? कागदावर मिळाला. यूज झाला का? नाही. पाणी प्यायला कुणी जाऊच शकलं नाही, कारण कागदावर उघडलेलं दार गावात बंदच होतं.

मग 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांबरोबर चालत तळ्यापर्यंत गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यावरून मारहाण झाली, कोर्टकचेरी झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयानं तळ्यावरचा हक्क मान्य केला तो 1937 साली. दहा वर्षांनी! पुढं हेच डॉ. आंबेडकर संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. 26 जानेवारी 1950 पासून ते कलम लागू आहे. त्यात तळ्यांसाठी नुसता ‘ॲक्सेस’ न म्हणता ‘यूज’ म्हटलंय. मला तरी ते वाचताना दरवेळी महाड आठवतं. तळ्याच्या काठापर्यंत जाऊ देणं आणि पाणी पिऊ देणं यांत फरक आहे, तो आमच्या काचेच्या कपाटांनीही आम्हाला थोडासा शिकवला होता. अर्थात आमची तहान त्या मानानं अगदीच छोटी.

मावशी, मी ‘नो’ लिहिलं

आता अलीकडची गोष्ट. 2020 साली करोनामुळं शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले, ते तुमच्यातल्या मोठ्या मुलांना आठवत असेल. माझी भाची तेव्हा सहावीत होती. शाळेनं एक फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न होता, ‘डू यू हॅव ॲक्सेस टु अ स्मार्टफोन?’ पुढं दोन चौकोन, येस आणि नो.

तिनं ‘नो’वर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला. दोन आठवडे तिला वर्गाची लिंकच आली नाही. छापील कागद मात्र घरी आले. तिच्या मैत्रिणी फोनवर विज्ञानाचे प्रयोग बघत होत्या आणि ही कागदावरच्या आकृत्या रंगवत बसली होती. मला फोनवर रडत सांगायला लागली.

मी विचारलं, “अगं, घरात फोन नाही का?”

“आहे की. बाबांचा.”

“मग तू ‘नो’ का लिहिलंस?”

“मावशी, तो माझा नाहीये ना! खोटं कसं लिहू?”

बघा, किती प्रामाणिक पोर! पण प्रश्न ‘डू यू हॅव अ स्मार्टफोन’ असा नव्हताच. ‘हॅव’ आणि ‘हॅव ॲक्सेस टु’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ‘आय हॅव अ फोन’ म्हणजे फोन माझा आहे. ‘आय हॅव ॲक्सेस टु अ फोन’ म्हणजे फोन कुणाचा का असेना, मला तो वापरायला मिळतो. शेजारच्या काकूंचा असला तरी चालेल, शाळेच्या कार्यालयातला असला तरी चालेल. मालकीचा इथं संबंधच नाही.

मात्र तिचंही एक बरोबर होतं. बाबा दिवसभर फोन घेऊन कामावर जायचे. सकाळी दहाच्या वर्गाला फोन घरात नसायचा. मग ‘येस’ तरी कसं लिहायचं? खरं उत्तर दोन चौकोनांच्या मधलं होतं. अशा वेळी इंग्रजीत ‘लिमिटेड ॲक्सेस’ म्हणतात, म्हणजे मर्यादित. आम्ही दोघींनी मिळून वर्गशिक्षिकेला दोन ओळींचा मजकूर पाठवला: ‘आय हॅव ॲक्सेस टु माय फादर्स फोन ओन्ली आफ्टर सेव्हन इन द ईव्हनिंग.’ दुसऱ्याच दिवसापासून वर्गाचं रेकॉर्डिंग संध्याकाळी यायला लागलं.

आईबाबांनो, ही ओळ तुमच्यासाठी. शिष्यवृत्तीचे, स्पर्धांचे, प्रवेशाचे फॉर्म भरताना हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा असतो. ‘ॲक्सेस टु अ कॉम्प्युटर’, ‘ॲक्सेस टु द इंटरनेट’. मूल ‘नो’ लिहीत असेल तर का लिहितंय ते एकदा विचारा.

थोडं बारीकसारीक

बाईंनी त्या दिवशी फळ्यावर आणखी बरंच लिहिलं होतं. सगळं सांगत नाही, पण तीन-चार गोष्टी अशा आहेत की चांगले चांगले लोक तिथं घसरतात.

ॲक्सेसच्या आधी ‘ॲन’ लावायचा मोह होतो, कारण शब्द स्वरानं सुरू होतो. नका लावू. पाणी, हवा, माहिती यांच्यासारखाच हा शब्द मोजता न येणारा आहे. दोन ॲक्सेस, तीन ॲक्सेस असं नसतं. म्हणून नुसतं ‘हॅव ॲक्सेस टु’. मध्ये विशेषण आलं तरी तेच: ‘हॅव ईझी ॲक्सेस टु’, ‘हॅव फ्री ॲक्सेस टु’.

दुसरं म्हणजे ‘आय हॅव ॲक्सेस टु यूज द कॉम्प्युटर’. हे तर मी ऑफिसातल्या मोठ्या माणसांच्या पत्रांत वाचलंय! इथला ‘टु’ हा ‘टु गो, टु ईट’मधला नाही, तर ‘टु द स्टेशन’मधला आहे. त्याच्यापुढं क्रियापद नको, वस्तूचं नाव हवं. ‘ॲक्सेस टु द कॉम्प्युटर’ म्हणा, नाहीतर सरळ ‘आय ॲम अलाउड टु यूज द कॉम्प्युटर’ म्हणा.

तिसरं जरा गमतीचं. ॲक्सेस हा शब्द क्रियापद म्हणूनही वापरतात. कॉम्प्युटर आले आणि ही सवय फोफावली. रँडम ॲक्सेस मेमरी म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरची रॅम, तिच्यातही हाच शब्द दडलाय. आता क्रियापद झालं की ‘टु’ गळून पडतो! ‘आय कॅनॉट ॲक्सेस द फाइल’ बरोबर. ‘आय कॅनॉट ॲक्सेस टु द फाइल’ चूक. नाम असलं की ‘टु’ हवा, क्रियापद असलं की नको. आणि हे क्रियापद शक्यतो कॉम्प्युटर, फाइल, माहिती, खातं यांच्यापुरतंच ठेवावं असं माझं मत आहे. ‘आय ॲक्सेस्ड द किचन अँड ड्रँक वॉटर’ असं कुणी लिहिलं तर स्वयंपाकघराला पासवर्ड होता की काय असं वाटेल.

चौथं, आणि हे खरोखर नीट वाचा. आमच्या दुसऱ्या मसुद्यात एकीनं लिहिलं, ‘प्लीज गिव्ह ॲक्सेस टु स्टुडंट्स.’ तिला म्हणायचं होतं, विद्यार्थ्यांना ॲक्सेस द्या. पण ‘टु’च्या पुढं जे येतं तिथंच वाट जाते ना? मग या वाक्याचा अर्थ कुणालातरी विद्यार्थ्यांपर्यंत जाऊ द्या, असाही होतो. मागचंपुढचं वाचून वाचणारा समजून घेईल कदाचित, पण आपण हेडसरांचा अनुभव घेतलेला होता! म्हणून ज्याला द्यायचं त्याला आधी ठेवा आणि जिथं जायचं ते ‘टु’नंतर: ‘गिव्ह स्टुडंट्स ॲक्सेस टु द लायब्ररी.’ किंवा माणसासाठी ‘फॉर’ वापरा. शाळेच्या पायऱ्यांशेजारी व्हीलचेअरसाठी उतार बांधलाय, तर तो ‘ॲक्सेस टु द स्कूल फॉर व्हीलचेअर यूजर्स’. केंद्र सरकारनं डिसेंबर 2015 मध्ये सुरू केलेल्या अशा कामाच्या मोहिमेचं नाव सुगम्य भारत अभियान. पुन्हा आला की नाही तो ‘गम्’!

गंमत म्हणजे ‘ॲक्सेसिबल’ हे विशेषण आलं की सगळं उलटं होतं. स्टुडंट्स हॅव ॲक्सेस टु द लायब्ररी, पण द लायब्ररी इज ॲक्सेसिबल टु स्टुडंट्स. पहिल्यात ‘टु’पुढं जागा, दुसऱ्यात माणसं. बाई म्हणाल्या होत्या, “पहिल्यात मुली चालत जातात. दुसऱ्यात कपाट म्हणतं, या.”

आणि हो, शाळेत नाव घालणं म्हणजे ॲक्सेस नव्हे, ते ॲडमिशन. मराठीत दोन्हीला प्रवेश म्हणतात, आणि नाटकातल्या तुकड्यालाही प्रवेशच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

तर बाईंच्या देखरेखीखाली आमचा नवा अर्ज तयार झाला: ‘वुई डू नॉट हॅव ॲक्सेस टु द बुक्स इन द लायब्ररी. काइंडली गिव्ह अस ॲक्सेस टु देम ऑन सॅटर्डेज.’ हेडसरांनी तो आमच्यासमोर वाचला. एकदा, मग पुन्हा एकदा. खण उघडला. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास. वहीत नोंद करायची. एक पान जरी फाटलं, तरी कुलूप.” मी काढलेल्या पहिल्या पुस्तकाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तो वास मला अजून आवडतो!

सांगा पाहू!

खालची वाक्यं झाकून ठेवू नका, सरळ मोठ्यानं वाचा आणि चूक की बरोबर ते सांगा.

‘आय कॅनॉट ॲक्सेस टु माय ईमेल.’ चूक. क्रियापदाला ‘टु’ नको.

‘द व्हिलेज हॅज ॲन ॲक्सेस टु क्लीन वॉटर.’ ‘ॲन’ काढा की बरोबर.

‘वुई हॅव ॲक्सेस टु यूज द लॅब.’ याची वाट तुम्हाला माहीत आहे.

‘द ब्रिज गिव्ह्ज ॲक्सेस टु द मार्केट.’ बरोबर! पूल, रस्ता, जिना यांनाही ॲक्सेस देता येतो.

‘प्लीज डू नॉट कॅरी एक्सेस लगेज.’ काय म्हणता, चूक? ‘ए’नं लिहायला हवं होतं? नीट बघा, जादा सामानाबद्दल चाललंय. इथं ‘ई’च हवी. खात्री नसेल तर आमच्या हेडसरांना विचारा!